लाखेचं कूळ टिपूच्याही आधीचं

चन्नपट्टणची लाकडी खेळणी आली कुठून, असं बंगळुरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. टिपू सुलतानाने इराणातून कारागीर आणले आणि त्यांनी इथल्या लोकांना शिकवलं. दुकानदार हेच सांगतात, पर्यटनाच्या पुस्तिकांतही हेच छापलेलं असतं. हल्ली शहरातल्या गच्च्यांवर आणि पार्किंगच्या कोपऱ्यांत छोटे लेथ बसू लागलेत. शनिवार-रविवारी वाट्या, पेनं, भोवरे कातणाऱ्या हौशी मंडळींतही हीच गोष्ट फिरत असते. माझं मत विचाराल, तर या कुळकथेत टिपू बराच उशिरा येतो.

पहिली अडचण ही खेळणी जिने रंगवतात त्या खुद्द लाखेची. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतो आणि ही चीज भारतातली नि आग्नेय आशियातली. अथर्ववेदात लाक्षेवर सूक्त आहे; लाक्षागृह तर शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इराणी लाखकाम म्हणून जे ओळखलं जातं ते कागदाच्या लगद्यावर चित्र काढून वर रोगण चढवलेलं, म्हणजे कुंचल्याचं काम. चन्नपट्टणात रंगाचा थर द्यायला कुंचला लागतच नाही. बाहुलीचे डोळे-भुवया तेवढ्या त्याने काढायच्या.

दुसरी अडचण याहून मोठी, आणि ती आपल्या गोव्यात सापडते. यान हायखन व्हान लिन्स्खोतेन नावाचा डच तरुण 1583 साली गोव्यात उतरला आणि तिथल्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून काही वर्षं राहिला. त्याचा प्रवासग्रंथ 1596 मध्ये छापून निघाला. त्यात लाखेवर एक प्रकरण आहे. कातारी लाकूड फिरतं ठेवूनच हव्या त्या रंगाची लाख त्यावर दाबतो, फिरण्याच्या उष्णतेने ती वितळून लाकडाला धरते, नखाएवढ्या जाडीचा थर बसतो आणि मग गवताच्या रुंद वाळक्या पात्याने घोटलं की काचेसारखी चकाकी येते, असं त्याने नोंदवलंय. पलंग, खुर्च्या, चौरंग सगळ्यांवर हे काम होतं आणि ते देशभर सर्रास चालतं, हेही तो सांगतो. टिपू गादीवर बसला 1782 मध्ये. म्हणजे हे पुस्तक निघाल्यानंतर 186 वर्षांनी.

आज चन्नपट्टणच्या कारखान्यात उभं राहून पाहिलं तर लिन्स्खोतेनचं वर्णन ओळीने समोर घडतं. लाख तापवून मऊ करायची, त्यात हळदीचा पिवळा, निळीचा निळा असे रंग घालून कुटायची, पुन्हा तापवायची. रंग सगळीकडे सारखा झाला की ताणून कांड्या करायच्या. लाकूड पटाशीने कातून, काचकागदाने साफ करून झालं की कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची. सुरुवातीला ती नुसती घासते, रंगाचे तुटक पट्टे उठतात. मग उष्णता धरते आणि लाख पसरू लागते. राहिलेल्या गाठी पात्याने दाबून सारख्या करायच्या आणि शेवटी केवड्याच्या जातीचं वाळलेलं पान दाबून धरायचं. क्षणापूर्वी मळकट दिसणारा रंग तिथल्या तिथे उजळतो. लेथ आता विजेवर चालतो, पूर्वी दोरीने ओढायचे; बाकी फरक नाही.

लाकूडही साक्ष देतं. चन्नपट्टणचे कारागीर ज्याला आले मरा म्हणतात तो आपला काळा कुडा. पांढरंशुभ्र, बारीक रेषेचं, पटाशीला अजिबात न भांडणारं लाकूड. आंध्रातल्या एटिकोप्पाकात हेच झाड अंकुडू नावाने त्याच कामाला येतं, आणि तिथल्या लोकांना कुणी टिपू भेटला नव्हता. गुजरातेत संखेडा, आपल्याकडे सावंतवाडी, सगळीकडे लाख फिरत्या लाकडावरच चढते. सावंतवाडीतलं हे काम विझत चाललं होतं, तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच गंजिफाच्या पत्त्यांना आणि लाखकामाला जागा दिली, म्हणून ते टिकलं.

टिपूच्या दरबाराने आश्रय दिला असेल, बाहेरचे कारागीर आलेही असतील. चन्नपट्टण मोक्याचं ठाणं होतंच; 1759 च्या स्वारीत मराठ्यांच्या गोपाळराव पटवर्धनांनी ते घेतलं होतं आणि टिपूच्या वडिलांनी, हैदरअलीने, परत मिळवलं. पण खेळण्यांचं आजचं रूप घडवण्याचं श्रेय मी बावास मियाँना देईन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जपानी पद्धती इथे आणल्या असं मानलं जातं. गोल डोक्याची, बिनहातांची चन्नपट्टणी बाहुली जपानच्या कोकेशी बाहुलीशेजारी ठेवा, नातं सांगावं लागणार नाही. 2005-06 मध्ये जीआय मानांकन मिळालं ते याच खेळण्यांना.

घरच्या लेथवर हे करायला अवघड नाही. लाकूड मात्र पूर्ण वाळलेलं हवं. ओल राहिली की काही आठवड्यांत लाख पापुद्र्याने सुटते. लाखेच्या आधी तेल लावू नका, तेलावर ती धरत नाही. चष्मा आणि मास्क हवाच. हातमोजे आणि लांब बाह्या मात्र फिरत्या लेथपाशी अजिबात नकोत. तयार वस्तूवर गरम कप ठेवू नका आणि सॅनिटायझरने पुसू नका. लाख उष्णतेने मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराची चपडी-स्पिरिटची पॉलिश याच गुणावर चालते.

2025 मध्ये रामनगर जिल्ह्याचं नाव बेंगळुरू दक्षिण झालं, म्हणजे चन्नपट्टण आता कागदोपत्री बंगळुराच्याच नावात आलंय. पण 2023 मध्ये सुरू झालेला म्हैसूर द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून जातो आणि जुन्या रस्त्यावरच्या खेळण्यांच्या दुकानांपुढे गाड्या थांबेनाशा झाल्यात. म्हैसूरला निघालात तर एकदा जुन्या रस्त्याने जा. खेळणं घ्याच, आणि घरी लेथ असेल तर एखाद्या कारागिराकडे लाखेच्या दोन कांड्याही मागून बघा.