बंदर हटलं, मग दरवाजे बसले

लंडन बुडतं ते बहुधा डोंगराकडून येणाऱ्या पाण्याने नव्हे, समुद्राकडून येणाऱ्या पाण्याने. उत्तर समुद्र दक्षिणेकडे निमुळता होत जातो. वादळाने पाणी त्या चिंचोळ्या भागात लोटलं आणि त्यातच उधाणाची भरती आली, की थेम्स उलटी चढते. १६६३ च्या डिसेंबरात व्हाइटहॉल जलमय झाल्याची नोंद सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत आहे. यावर शहराचा उपाय ठरलेला: काठाची भिंत वाढवा. १८७९ मध्ये तसा कायदाच झाला. जानेवारी १९२८ मध्ये मिलबँकजवळ ती भिंत फुटली. १४ जण बुडाले, त्यांतले बरेचसे तळघरात राहणारे गरीब.

१९५३ च्या ३१ जानेवारीची रात्र याहून भयंकर होती. एकट्या इंग्लंडच्या किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. थेम्सच्या मुखाशी असलेल्या कॅनव्ही बेटावर पन्नासहून अधिक. लंडनचा मध्यभाग थोडक्यात बचावला. पुढच्याच वर्षी सरकारी समितीने नदीवर उघडझाप करणारे दरवाजे बांधावेत, असं सांगितलं. काम सुरू व्हायला १९७४ उजाडलं!

घोडं अडलं होतं बंदरापाशी. मोठी जहाजं तेव्हा शहरातल्या गोद्यांपर्यंत येत आणि त्यांच्यासाठी सुमारे दीडशे मीटर रुंद वाट हवी होती. एवढा प्रचंड दरवाजा बांधायचा कसा? मग कंटेनर आले, जहाजं खाली टिलबरीलाच थांबू लागली, वरच्या गोद्यांना एकामागून एक टाळं लागलं. ज्या बंदरावर पूर्व लंडनचं पोट चालत होतं ते हटलं, तेव्हा कुठे शहराच्या रक्षणाची वाट मोकळी झाली. आता ६१ मीटरची वाट पुरत होती, टॉवर ब्रिजच्या मधल्या गाळ्याएवढी.

चार्ल्स ड्रेपर या अभियंत्याला दरवाजाची कल्पना सुचली ती गॅसच्या तोटीवरून. वुलिचजवळचे मुख्य दरवाजे एरवी नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खाचेत पडून असतात, वरून जहाजं जातात. भरतीचा इशारा मिळाला की ते फिरून उभे राहतात. नदी इथे ५२० मीटर रुंद आहे. वापर १९८३ मध्ये सुरू झाला, राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन मात्र मे १९८४ मध्ये.

गंमत अशी, की बांधले समुद्रासाठी, आणि २०१३-१४ च्या पावसाळी हिवाळ्यात दरवाजे जे ५० वेळा बंद करावे लागले, त्यांतले ४१ वेळा नदीच्या पुरासाठी. ओहोटीला दरवाजे मिटले की भरती बाहेरच राहते आणि वरून येणाऱ्या पाण्याला आत जागा मिळते.

तरी भिंतींपासून सुटका नाहीच. दरवाजांच्या वरच्या अंगाला असलेल्या काठभिंती २०६५ पर्यंत उंच करायचं ठरलं होतं. समुद्राची पातळी पाहून २०२३ मध्ये ही मुदत २०५० वर आणली गेली.