सी भाषेतील तात्पुरत्या फाइलींचा इतिहास

स्मृतीत न मावणारा किंवा काम संपताच टाकून द्यायचा मजकूर ठेवण्यासाठी प्रोग्राम तात्पुरती फाइल तयार करतो. सी भाषेत ही प्रथा युनिक्सबरोबर रुजली. पीडीपी-११ संगणकावर १६ बिटी पत्त्यांमुळे प्रत्येक प्रोग्रामच्या वाट्याला तुटपुंजी स्मृती येई. म्हणून युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतला ‘एड’ हा संपादक हाताखालचा मजकूर ‘टीएमपी’ या सामाईक डिरेक्टरीतील फाइलीत ठेवी. तिचे नाव ‘एमकेटेम्प’ हे फंक्शन ठरवी: ‘ई’ या अक्षरापुढच्या पाच ‘एक्स’च्या जागी चालू प्रोसेसचा क्रमांक बसे. त्यामुळे एकाच यंत्रावर अनेक जण काम करत असले तरी त्यांच्या फाइली एकमेकींत मिसळत नसत.

१९८९ च्या अमेरिकी प्रमाणाने सी भाषेला दोन फंक्शने दिली. ‘टीएमपीनॅम’ फक्त न वापरलेले नाव सुचवते. अशी किमान २५ नावे मिळण्याची हमी प्रमाणात होती. ‘टीएमपीफाइल’ फाइल स्वतःच उघडून देते आणि ती बंद होताच किंवा प्रोग्राम नीट संपताच काढून टाकते.

नागपुरातील यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातून भारतातील असंख्य विद्यार्थी ही भाषा शिकले. त्यातील कर्मचारी-नोंदींच्या प्रोग्रामात तात्पुरत्या फाइलीचा सर्वांत साधा प्रकार दिसतो. फाइलीच्या मधलीच नोंद उपटून काढता येत नाही. म्हणून नको असलेली नोंद वगळून बाकीच्या ‘ईएमपी.डॅट’मधून ‘टेम्प.डॅट’मध्ये उतरवल्या जातात. मग मूळ फाइल काढून नव्या फाइलीला तिचे नाव दिले जाते. येथे नाव प्रोग्रामातच पक्के लिहिलेले असते. एकट्याने वापरायच्या डॉस संगणकावर ते चालून जाते. मात्र असा प्रोग्राम एकाच डिरेक्टरीत दोघांनी एकदम चालवला, तर एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींवर लिहिल्या जातात.

सामाईक यंत्रावर नुसते वेगळे नावही पुरत नाही. नाव मोकळे असल्याची खात्री आणि फाइल उघडणे यांमध्ये क्षणभराची फट राहते. तेवढ्यात दुसऱ्या कोणी त्याच नावाचा दुवा महत्त्वाच्या फाइलीकडे वळवून ठेवला, तर प्रोग्राम त्याच फाइलीवर लिहितो. १९९६ मध्ये मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी अशा फटी प्रोग्रामात शोधण्याची पद्धत मांडली.

यावरचा उपाय ‘एमकेएसटेम्प’. हे फंक्शन नाव ठरवते आणि ‘फाइल आधीपासून असेल तर उघडू नको’ अशा अटीवर ती लगेच तयार करते. तपासणी आणि निर्मिती एकाच कृतीत होतात. २००८ च्या पॉझिक्स प्रमाणातून ‘एमकेटेम्प’ वगळण्यात आले आणि ‘टीएमपीनॅम’ कालबाह्य ठरले. २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.११ आवृत्तीने मुळात नावच नसलेली तात्पुरती फाइल उघडण्याची सोय केली. नावच नसल्याने तिच्या नावावर कोणाला आधी डल्ला मारता येत नाही, आणि शेवटचा वापर संपताच प्रणाली तिची जागा आपोआप मोकळी करते.