युद्धकालीन विमानतळ : खर्चाची वाटणी आणि भार

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अमलाखालील भारतात उभारलेल्या लष्करी विमानतळांचा खर्च कोणी सोसला, या प्रश्नाला हिशेबवहीतील उत्तर एक आणि प्रत्यक्षातील दुसरे आहे.

हिशेबवहीतील वाटणी नोव्हेंबर १९३९ च्या आर्थिक कराराने ठरली. शांतताकाळातील लष्करी खर्चाची वार्षिक ३६.७७ कोटी रुपयांची मूळ रक्कम, तीवरील भाववाढ, केवळ भारताच्या हितासाठी योजलेल्या युद्धोपायांचा खर्च आणि परदेशी पाठवलेल्या बाह्य संरक्षण दलापोटी एक कोटीची ठोक रक्कम, एवढा भार भारताचा, उरलेला ब्रिटनचा. मात्र संरक्षणखर्च केंद्रीय कायदेमंडळाच्या मतदानाच्या कक्षेबाहेर होता. त्यामुळे लोकप्रतिनिधींना ही वाटणी नाकारण्याचा अधिकारच नव्हता.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर पूर्व सीमेवर युद्ध येऊन ठेपले आणि देशभर दोनशेहून अधिक विमानतळांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. एखादी धावपट्टी भारताच्या रक्षणासाठी की ब्रह्मदेश परत जिंकण्यासाठी, हे ठरवणे कठीण होते. आणि वाटणी तर त्यावरच अवलंबून होती.

ब्रिटनच्या वाट्याची रक्कमही रोख येत नसे. ती लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या तारणावर रिझर्व्ह बँक येथे नोटा छापी. मजूर, खडी, सिमेंट यांचे मोल भारतातूनच चुकते होई. युद्धकाळात चलनी नोटा सुमारे सहापट झाल्या. महागाईच्या रूपाने हा कर सर्वसामान्यांनी भरला.

अमेरिकेच्या विमानतळांची तऱ्हा वेगळी होती. बी-२९ बॉम्बफेकी विमानांसाठी मेदिनीपूर जिल्ह्यातील खडगपूरच्या परिसरात तळ उभारले गेले. तेथे सुमारे सहा हजार अमेरिकी सैनिकांसह २७ हजार भारतीय मजूर राबले. 'लेंड-लीज'च्या परतफेडीदाखल भारताने अमेरिकेला मजूर व साहित्य पुरवले. ५ जून १९४४ रोजी या तळांवरून बँकॉकवर पहिला हल्ला झाला.

सर्वांत जड भार मात्र कोणत्याच खात्यात पुरता नोंदला गेला नाही. बंगालमध्ये लष्करी कामांसाठी हजारो कुटुंबांची घरे व शेते घेण्यात आली. नुकसानभरपाई मिळाली, तथापि यांपैकी अनेक कुटुंबांतील माणसे १९४३ च्या दुष्काळाला बळी पडली, याविषयी दुष्काळ चौकशी आयोगाला फारशी शंका नव्हती. रोख रक्कम हाती असली, तरी भात पिकवणारी जमीन गेली होती.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटन भारताचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. ही शिल्लक गोठवून हप्त्याहप्त्याने मोकळी करण्यात आली. जुलै १९४८ च्या करारानुसार, ब्रिटनने मागे ठेवलेला लष्करी साठा व पक्की बांधकामे यांपोटी त्याच शिलकेतून १० कोटी पौंड वळते करण्यात आले. ज्या बांधकामांसाठी भारताने आधी पदरचे रुपये मोजले, त्यांच्यासाठी त्याला पुन्हा एकदा मोल द्यावे लागले.