गुडघ्याचा अस्थिसंधिवात : चाल आणि खुब्याचे बळ

गुडघ्यातील कूर्चा झिजून सांधा दुखू व आखडू लागतो, तशी रुग्णाची चालही बदलते : वेग मंदावतो, पावले आखूड पडतात. झीज बहुधा सांध्याच्या आतल्या बाजूस अधिक असते; चालताना निम्म्याहून जास्त भार तिथेच पडतो.

या भाराचा खुब्याशी निकटचा संबंध आहे. एका पायावर उभे असताना कंबर समतल राखण्याचे काम प्रामुख्याने त्याच बाजूचा ग्लुटियस मीडियस हा स्नायू करतो. तो दुबळा असल्यास कंबर उचललेल्या पायाकडे खचते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी हे लक्षण १८९५ मध्ये वर्णिले, तेही खुब्याच्या विकारासंदर्भात. कंबर अशी खचल्यास टेकलेल्या पायाच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूवरील ताण वाढू शकतो. अनेक रुग्ण धड दुखऱ्या पायाकडे कलवून डुलत चालतात. त्याला नुसती वाईट सवय म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण अशा कलण्याने तो ताण हलका होतो.

कुशीवर निजून वरचा पाय उचलण्यासारख्या खुब्याच्या व्यायामांनी वेदना कमी होते, जिना चढणे सुसह्य होते. गुडघ्यावरील भार मात्र त्याने फारसा घटत नाही. तरीही मांडीच्या व्यायामांना खुब्याच्या व्यायामांची जोड अवश्य द्यावी.