गाजर गवत नेमकं कधी आलं?

पाऊस पडून गेला की परभणीत रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडीक प्लॉटवर, धुऱ्यावर एकच झाड माजतं: गाजर गवत. खरं तर हे गवत नाहीच. पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही सूर्यफुलाच्या कुळातली, मूळ अमेरिका खंडातली वनस्पती. जमीन उकरली, जुनी झाडं निघाली की हे हजारो बियांनिशी हजर.

ते आलं कुठून? उत्तर ठरलेलं असतं: 'पीएल-४८० च्या गव्हातून.' शोधनिबंधातही हेच वाक्य सर्रास सापडतं. आपण फक्त तारखा लावून पाहू.

पीएल-४८० हा अमेरिकी कायदा १९५४ चा. त्याखाली भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि पुण्यात कचऱ्याच्या ढिगावर हे झाड दिसलं १९५५ साली, आर. एस. राव यांनी ती नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे झाड कराराच्या आधीचं! पुढे तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात १८८० सालचा नमुना असल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

मग गहू निर्दोष? तसंही म्हणता येत नाही. १९५१ सालीही अमेरिकेनं भारताला धान्यासाठी कर्ज दिलं होतं. शिवाय पुढच्या गव्हासोबत आणखी बी आलं असू शकतं. इतकंच म्हणता येतं की 'पहिली नोंद' म्हणजे 'पहिलं आगमन' नव्हे.

याउलट हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा बघा. तो १९८३ साली मुद्दाम बंगळुरूला आणला, म्हणून त्याचं साल पक्कं. परभणीचं कृषी विद्यापीठही हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना देतं. मुद्दाम आणलेल्या गोष्टीचा कागद राहतो. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्याचा कागद कोणीतरी वाकून बघेपर्यंत तयारच होत नाही.

म्हणून पुण्याचं १९५५ परभणीला चिकटवू नका. तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. इथल्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारलं तर सांगता येणार नाही. 'बहात्तरच्या दुष्काळाआधी होतं का?' असं विचारा. ते उत्तर जुन्या हर्बेरियम नमुन्यांशी ताडून बघा. प्रबंधात 'अमुक साली आलं' लिहिण्याऐवजी 'अमुक सालापर्यंत आलेलं होतं' लिहा. व्हायवात हे वाक्य टिकतं.