लैंगिक निवड आणि तणमोराचा ऱ्हास

जोडीदार मिळविण्याच्या स्पर्धेत उपयोगी पडणाऱ्या लक्षणांची पिढ्यान्‌पिढ्या होणारी निवड म्हणजे लैंगिक निवड होय. चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द डिसेंट ऑफ मॅन या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले. अशा लक्षणांमुळे जातीचा टिकाव वाढतो की घटतो, याविषयी परस्परविरोधी पुरावे मिळाले आहेत. तांबड्या पीठभुंगेऱ्यांवरील प्रयोगात (२०१५) तीव्र स्पर्धेत वाढविलेले काही वंश सतत अंतःप्रजनन होऊनही २० पिढ्या टिकले. कारण स्पर्धेमुळे सदोष जनुके गाळली गेली होती. स्पर्धेविना वाढलेले वंश मात्र १० पिढ्यांच्या आत नष्ट झाले. उलट, ऑस्ट्रॅकोड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या जीवाश्मांत (२०१८) प्रजननावर नरांची अधिक शक्ती खर्च होणाऱ्या जातींचे निर्वंश होण्याचे प्रमाण इतरांच्या सु. दहापटींपर्यंत आढळले.

महाराष्ट्रात या प्रश्नाच्या दृष्टीने तणमोराचा इतिहास उद्‌बोधक आहे. वरवट बकाल हे गाव असलेल्या संग्रामपूर तालुक्याला (जि. बुलढाणा) लागून असलेल्या अकोला जिल्ह्यात, तसेच वाशीम जिल्ह्यात, गवताळ माळांवर या पक्ष्याची नोंद झालेली आहे. विणीच्या काळात मातकट नर काळा होतो व त्याच्या डोक्यामागे लांब पिसांचे तुरे येतात. मादीचे लक्ष वेधण्यासाठी तो गवतातून दीड-दोन मी. उंच उड्या मारतो. त्यांची संख्या दिवसाला पाचशेहून अधिक भरू शकते. मादी नराहून मोठी असते. नराचे हलके शरीर हाही लैंगिक निवडीचाच परिणाम मानतात.

उड्यांमुळे नर दुरून दिसे; त्यामुळे ब्रिटिश अमदानीत ऐन विणीच्या हंगामात त्याची शिकार होई. पुढे याच उड्या गणनेस उपयोगी पडल्या. त्यांवरून केलेल्या अंदाजांनुसार देशातील तणमोरांची संख्या १९८२ मध्ये ४,३७४, तर अवर्षणाच्या वर्षांनंतर १९८९ मध्ये १,६७२ होती. १९९४ मध्ये ती २,२०६ झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी झाली, तथापि माळ लागवडीखाली जात राहिले. २०२१ मध्ये जातीची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात झाली.

विस्तीर्ण माळावर वंशवृद्धीस साहाय्यक ठरलेली उडी बंदुकीपुढे घातक ठरली. शिकार थांबल्यावरही ती उडी दिसावी असे गवत उरले नाही, तर निवडीने घडविलेले लक्षण निरुपयोगी ठरते. म्हणून अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाच्या सहभागाने चाललेले गवताळ माळांचे रक्षण महत्त्वाचे ठरते.