पन्हळीतल्या पाण्यावर मोजलेले आल्प्स

आल्प्समधल्या कुठल्याही नावाजलेल्या माथ्यावर जा, रिगी असो की गोर्नरग्राट, कठड्यालगत एक लांबलचक फलक भेटतो. समोरच्या क्षितिजाची रेघ त्यावर उमटवलेली असते आणि प्रत्येक सुळक्याच्या डोक्यावर नाव आणि उंची. माणसं फलकावर बोट फिरवत, मान वर-खाली करत ताडून बघतात : हा आयगर, तो म्योंख, ती युंगफ्राऊ. या फलकाचं कुळ शोधायला निघालेले बहुतेक जण लंडनमधल्या एका चित्रकारापाशी थांबतात. थोडं अधिक वाचलेले जिनिव्हाच्या एका शास्त्रज्ञापर्यंत पोचतात. माझ्या मते हे दोघेही मागाहून आलेले. फलकाचा मूळपुरुष एका किल्ल्यात कैदेत पडलेला म्हातारा इंजिनिअर होता, आणि शिखरं मोजायला त्यानं वापरली छपराची पन्हळ.

त्याचं नाव झाक-बार्तेलेमी मिशेली द्यू क्रे. जन्म 1690, जिनिव्हाचा. फ्रेंच राजाच्या सेवेतल्या स्विस पलटणीत कप्तान, पेशानं लष्करी इंजिनिअर, स्वभावानं हट्टी. जिनिव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी शहराभोवती नवी तटबंदी उभारायचं ठरवलं, तेव्हा ती कशी चुकीची आहे हे त्यानं लेखी मांडलं. तटबंदीवरून सुरू झालेला वाद मूठभर घराण्यांच्या सत्तेवर गेला. मालमत्ता जप्त झाली आणि 1735 मध्ये त्याला गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. पुढे 1749 मध्ये बर्नमध्ये सामुएल हेन्झीचा सत्ताधाऱ्यांविरुद्धचा कट उघडकीला आला. हेन्झीचं डोकं उडवलं गेलं, आणि कटाशी संबंध असल्याचा आरोप मिशेलीवरही आला. आर नदीकाठच्या आरबुर्ग किल्ल्यात त्याची रवानगी झाली. 1765 मध्ये तो सुटला आणि पुढच्याच वर्षी वारला.

आरबुर्गवरून हवा स्वच्छ असेल त्या दिवशी दक्षिणेला बर्फाच्या शिखरांची सबंध रांग दिसते. साठी उलटलेल्या या कैद्यानं ती मोजायला घेतली. एक लांब पन्हळ आडवी बसवून तिच्यात पाणी भरलं. आपल्याकडचा गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची पातळी धरतो, तत्त्व तेच. पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे फुकटात मिळालेली बिनचूक आडवी रेषा. तिच्यावरून नजर लावायची आणि शिखर रेषेच्या किती वर येतं ते नोंदवायचं. शिखराचं अंतर नकाशावरून घ्यायचं, की उंची गणितानं निघते.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात युंगफ्राऊ आरबुर्गपासून सरळ रेषेत 87 किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाईच शिखराला जवळजवळ 600 मीटर खाली ढकलते; हवेतून येताना वाकणारा प्रकाश त्यातलं थोडंसं परत वर उचलतो. उरतो तो कोन जेमतेम दोन अंशांचा. हात लांब करून तर्जनी आडवी धरली तर चार हजार मीटरचा डोंगर तिच्यामागे झाकला जाईल, इतका. आता पन्हळच का, ते पाहा. मोजपट्टी 1 मीटर लांब असेल आणि टोकाशी 1 मिलिमीटरची चूक झाली, तर तिकडे शिखराच्या उंचीत 87 मीटरचा घोळ होतो. तीच पट्टी सात मीटर लांब असली तर घोळ 12-13 मीटरवर येतो. लांबी म्हणजेच अचूकता. कैद्याला बारीक काम केलेली पितळी दुर्बीणयंत्रं कोण देणार? पण किल्ल्याला छप्पर होतं, छपराला पन्हळी होत्या आणि पावसाचं पाणी होतं.

1755 मध्ये या मोजणीवरून काढलेलं शिखररांगेचं चित्र ऑग्सबुर्गला ताम्रपटावर कोरून छापलं गेलं. त्याच्या नावातच ‘भूमितीय’ हा शब्द आहे. ओळीनं मांडलेली शिखरं, त्यांची नावं, त्यांच्या उंच्या : आजच्या फलकावरचं सगळं त्यात आहे. टीकाकार त्याच्या चुकांवर बोट ठेवतात. त्यानं अंतरं घेतली शॉइख्त्सरच्या 1712 च्या नकाशावरून; तो नकाशाच डळमळीत, त्यामुळे काही नावं भलत्याच शिखरांवर जाऊन बसली. गोटहार्डचा मुलूख म्हणजे युरोपचं छप्पर, ही त्या काळची समजूतही त्याला बाधली. हे सगळं खरं आहे. पण चूक झाली ती उसन्या घेतलेल्या अंतरांमुळे, त्याच्या स्वतःच्या नजरेमुळे नव्हे. म्हणून तर सबंध देशाची रीतसर त्रिकोणी मोजणी करा, असा आग्रह त्यानं कैदेतूनच धरला होता. त्याचं कुणी ऐकलं नाही.

आता पहिला प्रतिस्पर्धी, लंडनचा चित्रकार. रॉबर्ट बार्कर मूळचा आयर्लंडचा. त्यानं 1787 मध्ये एडिंबरामध्ये असताना वर्तुळाकार चित्राचं पेटंट घेतलं आणि 1793 मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी गोल इमारत उघडली. मधोमध उभं राहायचं, सभोवार चित्र. ‘पॅनोरमा’ हे नाव त्याच्याच खेळामुळे रूढ झालं आणि सगळीकडे पसरलं. माथेरानचा पॅनोरमा पॉइंट हे नाव मिरवतो ते त्याचंच देणं. गंमत अशी, की बार्करच्या नावावरही एक तुरुंगाची गोष्ट सांगतात. कर्जापायी कोठडीत असताना वरच्या झरोक्यातून भिंतीवर पडणारा उजेड पाहून त्याला चित्र वरून उजळायची युक्ती सुचली म्हणे. ही आख्यायिका बार्करच्या खेळाबरोबर वाढली असावी, असं मला वाटतं. मिशेलीचा तुरुंग मात्र इतिहासात पक्का नोंदलेला आहे. आणि गोष्ट खरी धरली तरी फलकाचा तिच्याशी काय संबंध? बार्करला प्रेक्षकाला भुलवायचं होतं, आपण खरोखरच टेकडीवर उभे आहोत असं वाटायला लावायचं होतं. फलकाचं काम उलटं : तुम्ही खरोखर टेकडीवर आहातच, समोर काय आहे ते सांगणं.

दुसरा प्रतिस्पर्धी तगडा आहे. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर 1776 मध्ये 3,096 मीटर उंचीच्या ब्यूए शिखरावर गेला. त्याच्या सांगण्यावरून मार्क-तेओदोर बुरीनं, जो जिनिव्हाच्या मुख्य चर्चमधला गायक होता, तिथून दिसणारे डोंगर गोलाकार मांडले. पाहणारा केंद्रस्थानी, शिखरं चहूबाजूंना बाहेर टोकं करून. चित्र वाचायचं तर पान हातात फिरवत राहायचं. सोस्यूरच्या आल्प्सविषयीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, 1779 मध्ये, ते छापलं गेलं. माथ्यावर उभं राहून काढलेलं पहिलं शास्त्रीय चित्र म्हणून ब्यूएचा मान मी खुशाल देईन. गोल दगडी चौथऱ्यांवर बसवलेल्या दिशादर्शक तबकड्या पुढे आल्या, त्या याच घराण्यातल्या. पण लांब फलक, आडवी रेघ, नाव आणि आकडा, हे रूप ब्यूएचं चित्र छापून येण्याच्या चोवीस वर्षं आधी आरबुर्गला पुरं झालं होतं.

शिवाय ही दोन घराणी एकमेकांना अगदीच परकी नाहीत. मिशेलीनं बनवलेले तापमापक स्वित्झर्लंडमध्ये कितीतरी वर्षं वापरात होते. जिनिव्हाचाच झां-आंद्रे दलूक तापमापक आणि वायुभारमापक यांच्या सुधारणेत आयुष्यभर गढलेला. तोच 1770 मध्ये ब्यूएवर पहिल्यांदा चढला, उंचीवर पाणी कितीला उकळतं ते पाहायला. सोस्यूर गेला तो त्याच्या मागोमाग. एकाच छोट्या शहरातली, उंची मोजायच्या एकाच वेडानं झपाटलेली ही माणसं. आपल्याच गावच्या बंडखोराचं छापील चित्र त्यांच्या टेबलावर कधी आलंच नसेल, हे मला पटत नाही. हा दुवा मी अनुमानानं जोडतो, पण ठामपणे जोडतो.

पुढची वाट सरळ आहे. झुरिचच्या हान्स कोनराड एशरनं 1792 पासून अशी शिखरचित्रं झपाटल्यासारखी काढली. हाइनरिख केलरनं रिगीवरून दिसणारं दृश्य छापलं, आणि 1816 मध्ये तिथे माथ्यावर पहिली खानावळ उभी राहिली ती त्याच्याच खटपटीनं. 1871 मध्ये रिगीला दातेरी रेल्वे आली. घडीचं चित्र खिशात घालून लोक सूर्योदय बघायला लोटू लागले.

मग विसाव्या शतकात इन्सब्रुकचा हाइनरिख बेरान आला. 1935 मध्ये खुल्या झालेल्या ग्रोसग्लॉकनर घाटरस्त्याच्या चित्रापासून त्यानं सुरुवात केली आणि पार एव्हरेस्ट, योसेमिटीपर्यंत मजल मारली. त्याची चित्रं डोळ्यांचं पारणं फेडतात. पण त्यांत दऱ्या रुंद केलेल्या असतात आणि डोंगर सोयीसाठी फिरवलेले. मी त्याला बार्करच्या शाखेत धरतो. मिशेलीची शाखा कुठे गेली म्हणाल, तर मोबाइलमध्ये. ‘पीकफाइंडर’सारखं ॲप डोंगराकडे रोखलं की पडद्यावर क्षितिजाची रेघ उमटते, प्रत्येक शिखरावर नाव आणि उंची. उभं राहायची जागा, अंतर, उंचीचा कोन, पृथ्वीची गोलाई : हिशोब आरबुर्गचाच आहे, फक्त उलट दिशेनं केलेला. मिशेलीकडे कोन होता आणि उंची काढायची होती. ॲपकडे उंच्या आधीच असतात, ते कोन काढतं. आणि ज्यापायी मिशेलीची नावं चुकली, ती अंतरं आता त्यानं मागितलेल्या मोजणीतूनच येतात.